एका काचेत दोघे

तुमसरला बदली झाली तेव्हा खोलीसाठी मी बरीच घरं पाहिली. आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी कुणा भाच्यासाठी राखून ठेवलेली निघायची. एका तालुक्यात इतके भाचे कुठून येत असतील, याचं मला कुतूहल वाटायचं. शेवटच्या घराचे मालक, बाबूजी, यांनी आडनाव विचारलंच नाही. ते ओसरीवर बसून पेरू खात होते, सुरी न लावता, अख्खा. मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "घरी एकत्र आहा का वेगळे?"

मी सांगितलं, एकोडीला आई-वडील आणि दोन्ही काका एकाच घरात आहेत, चूल एकच आहे.

"मंग या," ते म्हणाले आणि पुन्हा पेरूकडे वळले.

नोकरी कुठली, हे त्यांनी सामान उतरल्यावर विचारलं. मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीला होतो. शेतांच्या हद्दी मोजायच्या, भावाभावांची वाटणी झाली की हिस्से पाडून द्यायचे, खुणा रोवायच्या, हे माझं काम. ते ऐकून बाबूजींचा घास तोंडातच राहिला.

"म्हणजे तुमी घरं तोडता."

"तोडत नाही बाबूजी. तुटलेली मोजून देतो."

तेव्हापासून ते मला मोजणीसाहेब म्हणायला लागले. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मात्र मला कधी मोजता आलं नाही.

बाबूजी विणकरांच्या घरातले. वडिलांच्या काळात घरात हातमाग चालायचे; बाबूजींनी बाजारात कापडाचं दुकान काढलं आणि नंतर ते थोरल्या मुलाच्या हाती दिलं. मागच्या खोलीत एका मागाचा लाकडी सांगाडा तेवढा शिल्लक होता. माग बंद पडले, पण त्या धंद्यातला एक विचार त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. ताणा आणि बाणा, उभे धागे आणि आडवे धागे, वेगळे केले की कापड राहत नाही, नुसतं सूत राहतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते हाच हिशेब लावत.

केळी घ्यायला गेले तर पूर्ण फणी घ्यायचे. दुकानदारानं त्यातली दोन तोडून दुसऱ्याला दिली असतील तर ती फणी तिथंच ठेवून यायचे. देवळात जाताना दोन्ही चपला सुताच्या दोरीनं एकमेकींना बांधायचे. एकदा त्या चोरीला गेल्या. चोराची सोयच झाली होती. बाबूजी अनवाणी घरी आले, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "गेल्या तं गेल्या," म्हणाले, "सोबत गेल्या."

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला होता त्याला तोवर बरीच वर्षं लोटली होती. बाबूजींनी ते मान्य केलं नव्हतं. गोंदियाकडच्या प्रत्येक पाहुण्याला ते पत्ता लिहिताना शेवटी 'जि. भंडारा' असंच लिहीत. पिन कोडच्या कृपेनं पत्रं पोचत. धाकट्या मुलाचं लग्न गोंदियाकडच्या मुलीशी ठरलं तेव्हा पत्रिकेतही त्यांनी तसंच छापलं, आणि व्याही इतके रागावले की त्यांनी आपल्या बाजूची पत्रिका वेगळी छापून घेतली. वेगळी पत्रिका निघाली, याचंच बाबूजींना जास्त दुःख झालं.

कुठं दोन भाऊ वेगळे निघत आहेत असं कानावर आलं की बाबूजी पिशवीत धोतर टाकून निघायचे. बोलावणं लागत नसे. जाऊन अंगणाच्या मधोमध बसायचे आणि पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. म्हातारा उपाशी बसलाय म्हटल्यावर घरातल्या बायका रडायला लागत आणि भाऊ ओशाळत. माझ्या कार्यालयात मोजणीचे अर्ज परत घेतले जाण्यात त्यांचा हात मोठा होता.

एकदा आंबागडला दोन भावांच्या धानाच्या बांध्यांची, म्हणजे भातखाचरांची, मोजणी होती. मी माणसं आणि झेंडे घेऊन पोचलो, तर आमच्याआधी बाबूजी तिथं हजर. बांधावर छत्री उघडून बसलेले, आणि तेही बरोबर जिथून रेषा काढायची तिथं.

"माह्या अंगावरून न्या तुमची लाइन," ते मला म्हणाले. घरमालक म्हणून असलेली ओळख त्यांनी दाखवली नाही.

दुपार झाली, ऊन वाढलं, म्हातारा हलेना. शेवटी थोरल्या भावानं धाकट्याचा हात धरला, धाकट्यानं मान खाली घातली आणि दोघांनी अर्ज मागे घेतल्याची सही केली. बाबूजी उठले, दोघांना जवळ घेतलं, आणि माझ्याच मोटरसायकलवर मागे बसून घरी आले. वाटेत म्हणाले, "पाह्यलं का मोजणीसाहेब? लोकाईले वेगळं व्हायचंच नसते. कोणी आडवं येणारा पायजे फक्त." सही करताना धाकट्या भावाच्या तोंडाकडे मी पाहिलं होतं, बाबूजींनी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या घरात पंगतीचा नियम होता. रात्री सगळे आल्याशिवाय कुणी ताटावर बसायचं नाही. धाकटा मुलगा नाकाडोंगरीकडच्या मँगनीजच्या खाणीत नोकरीला होता. त्याची पाळी कधी लांबायची, कधी बस चुकायची. तोवर थोरल्या सुनेची मुलं भुकेनं किरकिर करायची, थोरली सून भांडी आपटायची आणि उशिरा येणाऱ्या धाकट्याचा राग त्याच्या बायकोवर, धाकट्या सुनेवर निघायचा. स्वयंपाकातलं खालचं काम तिचं, मुलांचं आवरणं तिचं, शेवटचं ताटही तिचंच. माझ्या खोलीची भिंत पातळ होती, सगळं ऐकू यायचं. बाबूजी ओसरीवरून तेच आवाज ऐकायचे आणि मला म्हणायचे, "घर कसं भरल्यासारखं वाटते." मला अशा वेळी त्यांचा राग यायचा, आणि त्यांच्याकडे पाहिलं की तो टिकायचा नाही.

खाणीकडून धाकट्याला राहायला क्वार्टर मिळालं होतं. होळीपर्यंत ताबा घ्यायचा, नाहीतर ते पुढच्या माणसाला जाणार होतं. त्यानं भीत भीत वडिलांना सांगितलं. बाबूजी एवढंच म्हणाले, "तुमसरात छप्पर उडालं का आपलं?" विषय संपला. त्या रात्री धाकटी सून जेवली नाही, आणि पंगतीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सरडा या घरात आला तो तिच्यामुळे. तिचा भाऊ पुण्यात एकटा राहायचा. त्यानं काचेच्या पेटीत एक विलायती सरडा पाळला होता, बिअर्डेड ड्रॅगन. हातभर लांब, मातकट रंगाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी. भावाला परदेशी नोकरी लागली आणि सरडा पेटीसकट, दिव्यासकट बहिणीकडे आला. बाबूजी नको म्हणतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांनी पेटीपुढे बसून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा असा एकटाच राह्यते?"

एकटाच राहतो, एकटाच ठेवायचा असतो, दोन ठेवले तर जमत नाही, असं भावानं बजावून सांगितल्याचं सुनेनं सांगितलं. बाबूजी म्हणाले, तो पोरगा स्वतः एकटा राहतो, त्याला काय समजणार. पुढच्याच आठवड्यात त्यांनी धाकट्याला नागपूरला पाठवून त्याच जातीचा दुसरा, लहानसा सरडा आणवला. एकाला मोठा म्हणायचं आणि दुसऱ्याला लहाना, असं त्यांनी ठरवलं. पेटी मागच्या खोलीत मागाच्या सांगाड्यावर ठेवली. एक काच, एक दिवा आणि खायला एकच ताटली. त्यात मेथी, शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं आणि सून डब्यात पाळायची ते रातकिडे.

बाबूजींना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. सकाळी चहा घेऊन पेटीपुढे बसायचे. मोठा जवळ आला की लहाना पुढचा एक पाय उचलायचा आणि हवेत सावकाश गोल फिरवून खाली ठेवायचा. त्यावर मोठा खालीवर मान डोलवायचा. बाबूजींनी मला हाताला धरून ते दाखवायला नेलं. लहाना थोरल्याला नमस्कार करतो आणि थोरला मान डोलवून तो स्वीकारतो, म्हणाले, माणसांत हे संस्कार उरले नाहीत. थंडी पडली तसा मोठा दिव्याखाली लहान्याच्या अंगावर चढून बसायला लागला. मोठ्या भावाने लहान्यावर पांघरूण घातलंय, असं बाबूजी म्हणाले. ते पाहताना त्यांचे डोळे भरून आले होते. मला ते तेव्हा खरं वाटलं. खोटं वाटायला काही कारणही नव्हतं.

मग त्यांनी सरड्यांना कामाला लावलं. उन्हातान्हात गावोगाव जाऊन उपाशी बसण्यापेक्षा भांडणाऱ्या भावांनाच घरी बोलवायचं आणि पेटीपुढे उभं करायचं. बाजाराच्या दिवशी लोक यायचे, सरडे पाहायचे आणि मान हलवत जायचे. घर वाचलं की नाही ते माहीत नाही, पण बाबूजींच्या सरड्यांचं नाव झालं.

या सगळ्यात लहाना वाढत नव्हता. मोठा फुगत चालला होता, आणि लहाना आणला तेवढाच होता, उलट जरा चिपाडच झालेला. शेपटीचं टोक गेलं होतं. बाबूजी म्हणाले, दारात अडकलं असेल. पेटीला दार वरून होतं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आंबागडचे ते दोघे भाऊ आले. पुन्हा वाटणीचा अर्ज टाकला होता. या खेपेला धाकट्याच्या हाताला पट्टी होती आणि कशानं लागलं हे दोघंही सांगत नव्हते. बाबूजींनी त्यांना मागच्या खोलीत नेलं, साक्षीला मलाही बोलावलं. मोठा लहान्याच्या पाठीवर पसरला होता. खालचा डोळे मिटून होता.

"पाहा," बाबूजी म्हणाले. "जनावर हाय, पण भावाले टाकत नाही. अन् लहानगा कसा पाया पडते, तेही पाह्यजा."

धाकटी सून चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे मागाच्या लाकडावर ठेवला. ती कधी पुरुषांच्या बैठकीत बोलत नसे. आवाज न चढवता, पेटीकडेच पाहत तिनं म्हटलं, "बाबूजी, ते पाया पडणं नोहोय."

बाबूजींना आधी कळलंच नाही की ती त्यांच्याशी बोलते आहे.

"तो हात वर करून सांगते, मी तुह्या वाटेत येत नाही, मले मारू नको. मोठा मान हालवते ते दटावणं हाय. अन् वर बसते ते मायेनं नाही. दिव्याची गरमी वरचाच घेते. खालच्याले गरमी भेटत नाही, तं खाल्लेलं पचत नाही. ताटलीतलं बी पह्यले मोठाच खाते. शेपटी त्यानंच तोडली."

"मंग लहाना कुरकुर काहून करत नाही?"

"कोणापाशी करीन तो?"

बाबूजींनी विचारलं, "तुले हे कोणं सांगतलं?"

"भावानं सांगतलं होतं," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "बाकीचं मले समजते."

ती आत गेली. चहा तसाच राहिला. आंबागडचा धाकटा भाऊ पेटीतल्या खालच्या सरड्याकडे पाहत उभा होता. बाहेर निघताना तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मोजणीची तारीख देऊन टाका." थोरल्यानं ते ऐकलं आणि काही म्हटलं नाही. बाबूजीही आडवे आले नाहीत. ते चपला न घालताच अंगणात गेले आणि तुळशीजवळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते.

"मोजणीसाहेब, फीत हाय का तुमच्यापाशी?"

माझ्या फितीचं एक टोक बाबूजींनी हातात धरलं, हे मी कार्यालयात सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. आम्ही पेटी मोजली, मधोमध खूण केली. मी प्लायवूडची फळी सुचवली, त्यांना ती पटली नाही. फळी टाकली तर भाऊ एकमेकांना दिसणार नाहीत, म्हणाले, काच टाकू. काचवाल्याकडून माप देऊन काच कापून आणली, दुसरा दिवा आणला, दुसरी ताटली आणली. त्याच संध्याकाळी त्यांनी धाकट्या मुलाला जवळ बसवून सांगितलं, घराच्या मागच्या अंगाला भिंत घालू, तुमची चूल तिकडे मांडा, छप्पर तेवढं एक राहू द्या. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी माघार होती. मुलानं मान हलवली. तो नेहमीच मान हलवायचा.

पण लहाना काही खाईना. नव्या दिव्याखाली येऊन बसायचा, समोर काचेपलीकडे मोठा दिसला की पाय उचलून गोल फिरवायचा आणि कोपऱ्यात जाऊन दबायचा. मोठ्याची दाढी काळी पडायची, तो काचेवर धडका द्यायचा. बाबूजी चहा थंड होईस्तोवर ते पाहत बसत. दोन-तीन दिवसांनी त्यांनी सुनेला हाक मारली. मी शेजारच्या नळावर दाढी करत होतो.

"आता कायले भेते हा? मंधात काच हाय ना."

"काचेतून दिसते ना बाबूजी. दिसते तवापर्यंत भेतेच तो."

"म्हणजे दुसऱ्या खोलीत ठेवावं लागन?"

सुनेनं पदर सारखा केला. "दुसऱ्या घरात ठेवला तं अजून बरं," ती म्हणाली.

माझ्या हातातला वस्तरा थांबला. बाबूजींनी मागाच्या लाकडावरून हात फिरवला, जसा ते गिऱ्हाइकापुढे कापडावर फिरवायचे. मग विचारलं, "ते क्वार्टर अजून हाय का गेलं?"

"होळीपर्यंत हाय."

"मंग होळीची वाट कायले पाह्यता?"

ती दोघं गेली तेव्हा टेम्पोत सामान थोडंच होतं. सगळ्यात वर लहान्याची नवी पेटी होती. थोरल्या सुनेनं लोणच्याची बरणी दिली आणि तीच सगळ्यांत जास्त रडली. बाबूजी ओसरीवर बसून होते. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर म्हणाले, "पंगतीत आता कोणाची वाट पाहायची नाही." त्यांच्या बोलण्यात सुटकेचा सूर नव्हता. मला त्यांची फार दया आली, आणि दया आलेली त्यांना चालली नसती म्हणून मी खोलीत निघून आलो.

त्यांनी सगळंच सोडलं असं मात्र नाही. केळ्याची फणी अख्खीच यायची. चपला बांधलेल्याच असायच्या. गोंदियालाही त्यांनी शेवटपर्यंत जिल्हा मानलं नाही. लोकांच्या वाटण्या थांबवायला जाणं तेवढं बंद झालं. कुणी बोलवायला आलंच तर जायचे, पण आधी पाणी मागून घ्यायचे आणि धाकट्या भावाला बाजूला नेऊन काहीतरी विचारायचे. काय विचारत ते मला कुणी सांगितलं नाही.

पावसाळ्याआधी मला नाकाडोंगरीकडे मोजणी लागली. बाबूजी म्हणाले, मीही येतो, मला खाणीच्या वसाहतीत सोडा. मी त्यांच्यासोबत क्वार्टरपर्यंत गेलो. दार बंद होतं. त्यांच्या घराला दिवसा बंद दार कधी नसायचं, त्यामुळे इथं काय करायचं हे त्यांना क्षणभर सुचलं नाही. मग त्यांनी कडी वाजवली आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

सुनेनं दार उघडलं. ती अंगानं भरली होती. आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि ताटं वाढली. बाबूजींनी ताटाला हात लावला नाही. "तो येऊ दे ना," म्हणाले.

"त्याईची दुपारपाळी हाय बाबूजी. संध्याकाळी येतीन. तुमी जेवा."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि जेवायला सुरुवात केली. वरणात मीठ बरोबर आहे, असं मध्येच म्हणाले.

जेवण झाल्यावर ते आतल्या खोलीत पेटीपाशी गेले. लहाना आता लहाना राहिला नव्हता. दिव्याखालच्या दगडावर अंग पसरून, डोळे उघडे ठेवून पडला होता. बाबूजींची सावली काचेवर पडली. पूर्वी सावली पडली की याचा पाय वर व्हायचा. आम्ही वाट पाहिली. त्यानं बाबूजींकडे नुसतं पाहिलं आणि पाय दगडावर तसाच ठेवला.

बाबूजी गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. तोंड काचेच्या पातळीवर आणलं. मग त्यांनी उजवा हात उचलला, हवेत सावकाश गोल फिरवला आणि खाली ठेवला.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ते पाहिलं, आणि चहा ठेवायला आत गेली.